सोयरिकीची खरूज

रमाकांत पोफळे यांना पहिली जोरदार खाज सुटली ती डायरेक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये, आणि तीही नको तिथे.

तसे पोफळे हे थरथरीचे जाणकार. लखनौच्या मानक नगरात रेल्वेची जी संशोधन संस्था आहे, तिथे गेली बावीस वर्षं ते डब्यांची थरथर मोजत होते. डबा कुठल्या वेगाला किती हलतो, का हलतो आणि हलू नये म्हणून काय करावं, हे त्यांना तोंडपाठ. पण फेब्रुवारीतल्या त्या सकाळी साहेबांपुढे आलेख उलगडता उलगडता त्यांचा स्वतःचाच खालचा भाग जागच्या जागी हलू लागला, आणि तो थांबवायचा उपाय बावीस वर्षांच्या संशोधनात कुठे सापडेना. त्यांनी एक पाय दुसऱ्यावर घासून पाहिला. पट्टा सारखा केल्यासारखं केलं. शेवटी किल्ल्या शोधायच्या निमित्ताने हात पँटच्या खिशात घातला आणि किल्ल्या इतक्या मनापासून शोधल्या, की साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "पोफलेजी, चाबी मिल गई?"

"जी सर," पोफळे म्हणाले. त्यांचे डोळे समाधानाने अर्धवट मिटले होते.

ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नाही. घरातही कुणी काही सांगत नव्हतं. चंद्रप्रभाबाई आठवडाभर लांब बाह्यांचं स्वेटर घालून पोळ्या लाटत होत्या. मुलगी देविका शाळेत शिकवायला जाताना हातमोजे घालायला लागली होती. सासूबाई, म्हणजे चंद्रप्रभाबाईंच्या आई, खुर्चीत बसल्या की खुर्चीच्या पाठीला पाठ लावून सावकाश डावी-उजवीकडे सरकायच्या. विचारलं तर "व्यायाम" म्हणायच्या. चौघंही आपापली खाज इतरांपासून लपवून अब्रूने जगत होती.

बिंग फुटलं ते रविवारी जेवताना. चंद्रप्रभाबाई वरण वाढत होत्या. पळी पोफळ्यांच्या पानावर आली आणि तिथेच थांबली. बाईंचा दुसरा हात स्वेटरच्या बाहीत शिरला होता. तो बाहेर येण्याची वाट बघता बघता पोफळ्यांचा हात सदऱ्यात गेला. देविकाने हातमोजा काढला. सासूबाईंनी व्यायाम सुरू केला. पाच मिनिटं चौघंही जेवण सोडून खाजवत होती.

"अहो," चंद्रप्रभाबाई शेवटी म्हणाल्या, "तुम्हालाही?"

"मला नाही. मला फक्त थोडं कोरडं झालंय."

"बाबा, झूठ मत बोलो यार," देविका म्हणाली. "तुम्ही काल दाराच्या चौकटीला घासत होता. मी बघितलं."

आता असल्या बाबतीत माणसाने सरळ डॉक्टरकडे जावं. पण पोफळे राहत होते कॉलनीत, आणि कॉलनीत डॉक्टरच्या आधी शेजारी लागतो. शेजारच्या क्वार्टरमधल्या श्रीवास्तवजींनी पोफळ्यांना कुंपणाच्या खांबाला पाठ लावून उभं असलेलं पाहिलं आणि निदान तिथल्या तिथे केलं.

"भाई साहब, ख़ून में गर्मी है. कड़वा पीजिए."

पोफळे आठ दिवस कारल्याचा रस प्यायले. त्याने तोंड कडू झालं आणि स्वभावही, खाज तेवढी होती तशीच राहिली. मग श्रीवास्तव वहिनींनी कडुनिंबाचा पाला पाठवला. लखनौच्या त्या थंडीत घरातली चारही माणसं हिरव्या पाण्याने आंघोळ करून हिरवट रंगाची आणि कुडकुडत खाजवणारी झाली. मागच्या गल्लीतल्या तिवारीजींनी मोहरीच्या तेलात गंधक घालून चोळायला सांगितलं, पण किती गंधक ते सांगायचे विसरले. दुसऱ्या दिवशी पोफळे ऑफिसात गेले तेव्हा विभागातल्या चौघांनी गॅस कुठे गळतोय ते शोधत खिडक्या उघडल्या. कोणी म्हणालं वांगं बंद करा. कोणी म्हणालं साबण बंद करा. कोणी म्हणालं अजून जास्त आंघोळ करा, हा मळाचा रोग आहे, आणि हे वाक्य चंद्रप्रभाबाईंना फार लागलं. ज्या बाईच्या घरात फडकीसुद्धा इस्त्री होऊन कपाटात जातात, तिला मळाचा रोग!

शेवटी डॉक्टरच. पण कॉलनीतल्या दवाखान्यात जायचं म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या कॉलनीसमोर दाखवायचं. म्हणून पोफळ्यांनी ठरवलं, की लांब हज़रतगंजला जाऊन स्पेशालिस्टला गाठायचं. डॉ. एन. रस्तोगी हे नाव त्यांनी फोनच्या डिरेक्टरीतून एकट्याने शोधून काढलं.

गल्लीत शिरल्यावर त्यांना पाटी दिसली आणि पाय जागीच थिजले. पाटीवर 'चर्म एवं' हे शब्द बारीक निळ्या अक्षरांत होते. त्याच्या खाली 'गुप्त रोग' हे शब्द लाल होते आणि पलीकडच्या चौकातून वाचता येतील एवढे मोठे होते. पोफळ्यांनी मफलर नाकापर्यंत ओढला, ढगाळ हवेत काळा चष्मा चढवला आणि दोनदा दारावरून पुढे निघून गेले. तिसऱ्यांदा दारात शिरले ते थेट महाराष्ट्र मंडळाचे चिटणीस चंद्रहास कुंटे यांच्या अंगावर.

"अरे पोफळे!" कुंटे दचकून म्हणाले. "मी आपला... शेजारी चष्मा करायला टाकलाय."

"मीही चष्म्यासाठीच," पोफळे म्हणाले.

दोघांनी एकमेकांच्या चष्म्यांची सविस्तर चौकशी केली आणि दोघंही शेजारी शेजारी त्याच बाकावर बसले.

आत गेल्यावर दुसरा धक्का. डॉ. एन. रस्तोगी म्हणजे नीलम रस्तोगी. पन्नाशीच्या, गोऱ्यापान, केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या, अत्यंत अदबीने बोलणाऱ्या बाई. पोफळे उभेच राहिले.

"तशरीफ़ रखिए. क्या तकलीफ़ है?"

"हाथ में... थोड़ी खुजली."

बाईंनी त्यांचा हात दिव्याखाली धरला आणि भिंग लावून बोटांच्या बेचक्या पाहिल्या. मग मनगट पाहिलं. मग सदरा वर करायला लावून कमरेचा पट्टा बसतो तिथली जागा पाहिली. "रात में ज़्यादा होती है?"

"जी."

"घर में और किसी को?"

"सबको."

"और वहाँ, जहाँ बताने में आपको शर्म आ रही है?"

पोफळ्यांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. "वहाँ भी," ते पंख्याला म्हणाले. आणि मग जी भीती त्यांना गेले पंधरा दिवस आतून खात होती ती एकदाची बाहेर पडली. कॉलेजच्या वसतिगृहात असताना त्यांनी एका रोगाविषयी ऐकलं होतं. "डॉक्टर साहिबा, वो... वो जुएँ तो नहीं? जो... वहीं रहती हैं?"

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी शांतपणे समजावलं, की त्या उवा वेगळ्या. त्या तिथल्याच राठ केसांना चिकटून असतात, नीट पाहिलं तर डोळ्यांनी दिसतात, केसांना लिखा दिसतात आणि त्या जवळच्या शरीरसंबंधातून पसरतात. त्यालाही औषध आहे, दोघांनी मिळून घेतलं की जातात, आणि त्यातही मान खाली घालण्यासारखं काही नाही. पण पोफळ्यांना ते नव्हतंच. त्यांना साधी खरूज झाली होती. तिचा किडा डोळ्यांना दिसत नाही, तो कातडीखाली बारीक बोगदा खणून राहतो. बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, कंबर आणि 'वहाँ' या त्याच्या आवडीच्या जागा. त्याला मळ लागत नाही. राजाच्या अंगावरही तो तितक्याच आनंदाने राहतो.

हे ऐकून पोफळ्यांना चंद्रप्रभाबाईंसाठी फार बरं वाटलं.

औषध सोपं होतं. आंघोळ करून अंग कोरडं करायचं, मानेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत एकही जागा न सोडता पांढरं लोशन फासायचं, चोवीस तास ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा फासायचं आणि मग धुवायचं. कपडे-चादरी उकळत्या पाण्यात. जे धुता येत नाही ते गोणीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला. त्यानंतरही दोन-तीन आठवडे थोडी खाज राहील. म्हणून घाबरून रोज रोज औषध फासायचं नाही.

"एक शर्त है," बाई म्हणाल्या. "घर के सब लोग एक ही दिन लगाएँ. एक भी छूटा, तो फिर सबको. और महीने-डेढ़ महीने पहले कोई मेहमान साथ सोए थे?"

पोफळे मागचे दिवस मोजू लागले. जानेवारीत देविकाचा साखरपुडा झाला होता. भोपाळहून व्याही हातवळणे मंडळी आली होती. धुक्याने परतीची गाडी अडकली आणि मंडळी चार दिवस राहिली. एका खोलीत आठ माणसं आणि तंबूवाल्याकडून आणलेल्या चार रजया.

"तो उनको भी ख़बर कीजिए," डॉक्टर म्हणाल्या. "उसी दिन लगाएँ."

एवढं सांगून त्यांनी चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीवर औषध मिळणार होतं ते मात्र कॉलनीच्या दवाखान्यातूनच, कारण पोफळे सरकारी नोकर होते आणि फुकट मिळणारी वस्तू विकत घेणं हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. म्हणजे जिथे जायचं टाळण्यासाठी ते हज़रतगंजला गेले, तिथेच त्यांना परत यावं लागलं.

कंपाउंडरने खिडकीतून आरोळी दिली, "खुजली वाले साहब कौन हैं?"

सगळी रांग वळली. पोफळे पुढे झाले. कंपाउंडरने त्यांचं मेडिकल कार्ड उघडलं. पोफळे, पत्नी, मुलगी. चौथं नाव नव्हतं.

"सास कार्ड में नहीं है. सास डिपेंडेंट नहीं मानी जाती."

"पण त्या माझ्याच घरात राहतात. मेरे घर में ही रहती हैं!"

"रहने से कुछ नहीं होता, साहब. माँ होतीं तो दे देते. सास को खुजली हो सकती है, दवा नहीं हो सकती."

पोफळ्यांनी हर प्रकारे सांगून पाहिलं, की किड्याला कार्ड वाचता येत नाही. कंपाउंडर मनाने चांगला होता. त्याने बराच विचार केला आणि मग पोफळ्यांच्या नावापुढे दुप्पट औषध लिहून कारणाच्या रकान्यात नोंद केली: 'मरीज़ का शरीर असाधारण रूप से बड़ा.' पोफळे हाडापेराने बारीक होते. ती नोंद पुढे तीन ठिकाणी सह्या होऊन त्यांच्या फाइलीत कायमची जाऊन बसली.

"बोतलें अपनी लाइए," कंपाउंडर म्हणाला.

घरी योग्य मापाच्या बाटल्या नव्हत्या. श्रीवास्तवजींकडे होत्या, पण त्या सगळ्या रमच्या. जन्मात सुपारीपलीकडे व्यसन न केलेले पोफळे दोन्ही हातांत रमच्या चार बाटल्या घेऊन भर दुपारी कॉलनीतून गेले आणि त्यात दुधासारखं पांढरं काहीतरी भरून परत आले. त्या दिवसानंतर तिवारीजी त्यांच्याशी जास्त आपुलकीने वागू लागले.

आता राहिला भोपाळचा निरोप.

"सरळ सांगा," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "खरूज म्हणजे काही चोरी नाही."

"अगं, मुलीच्या सासरी पहिला फोन, आणि तो खरजेचा?"

"मुळात आपण दिली का त्यांनी दिली?" सासूबाईंनी विचारलं. "विहीणबाई साखरपुड्यात सारख्या बांगड्या मागेपुढे करत होत्या. मी तेव्हाच म्हटलं."

"आई, तू तेव्हा काही म्हटलं नव्हतंस."

"मनात म्हटलं."

पोफळ्यांनी सविस्तर पत्र लिहून टाकलं, पण रविवार चार दिवसांवर होता आणि पत्राचा भरवसा नव्हता. हातवळण्यांकडे फोन नव्हता. समोरच्या कल्पनाबाईंकडे निरोप ठेवावा लागे. कॉलनीतल्या एसटीडी बूथवर जाणं शक्यच नव्हतं. पोफळे पुन्हा हज़रतगंजला गेले. तिथल्या बूथचं दार बंद होत नव्हतं आणि मागे सहा माणसं उभी होती.

"हॅलो, कल्पनाबाई? मी लखनौहून पोफळे."

"कोण? गोखले?"

"पोफळे! पोफळे! दिनकररावांचे व्याही!"

"अगं बाई, बोला बोला! लिहून घेते."

पोफळ्यांनी मागच्या सहा जणांकडे पाठ केली आणि तोंडाभोवती हात धरला. "आमच्या घरात त्वचेचा थोडा प्रश्न आहे."

"काय? ऐकू येत नाही!"

"आमच्याकडे सगळ्यांना खरूज आहे!"

पलीकडून कल्पनाबाईंनी तो शब्द परत उच्चारून पाहिला. फोनच्या खरखरीत तो नीट ऐकू आला नाही, पण भर गंजमध्ये तो पुन्हा ओरडण्याची पोफळ्यांची तयारी नव्हती. "हो हो, तेच!" ते म्हणाले. "तुम्हालाही असणार म्हणावं. लाजू नका. उशीर केला तर सगळ्यांना दिसायला लागेल. येत्या रविवारी, एकाच दिवशी, दोन्ही घरांनी—"

"भाई साहब, और कितना टाइम?" मागच्या माणसाने खांद्यावरून डोकावून विचारलं. पोफळ्यांनी दचकून फोनवर हात ठेवला, तरी तोंडाने बोलत राहिले, आणि 'लोशन फासून' हे दोन शब्द त्यांच्या तळहातातच राहिले.

"—उरकून टाकायचं! बाकी पत्रात लिहिलंय. फोनवर बोलण्यासारखं नाही."

"अगं बाई," कल्पनाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम गंभीर झाला होता. "कळलं. सगळं कळलं. तुम्ही काळजी करू नका, मी आत्ता जाऊन सांगते."

किती समजूतदार बाई, असं मनाशी म्हणत पोफळे बूथबाहेर आले. मागच्या सहा जणांनी त्यांना जरा जास्तच रुंद वाट करून दिली.

शनिवारी सकाळी चंद्रप्रभाबाई चादरी उकळत असताना फाटकाशी रिक्षा थांबल्या. एकीतून दिनकरराव हातवळणे आणि त्यांच्या पत्नी मालिनीबाई उतरल्या. दुसरीतून होणारा जावई धैर्यशील उतरला. त्याचा डावा गाल किंचित सुजल्यासारखा दिसत होता. त्याच्यामागून दोन्ही हातांनी पिशवी सांभाळत आत्मारामगुरुजी उतरले. साखरपुडा सांगायला हेच गुरुजी भोपाळहून आले होते आणि धुक्यात तेही त्या आठ जणांत अडकले होते. पिशवीतून अंतरपाटाचं टोक बाहेर आलं होतं.

"बरं केलंत आलात," पोफळे मनापासून म्हणाले. मंडळी औषध लावायला एवढ्या लांब आली म्हणून त्यांना भरून आलं होतं. "एकाच छताखाली उरकलेलं बरं."

"आता दुसरा मार्ग काय आहे?" दिनकरराव म्हणाले. मालिनीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. दिनकररावांनी व्याह्यांचा दंड धरला आणि त्यांना मागच्या अंगणात नेलं.

"पोफळेसाहेब, जे झालं ते झालं. आम्ही जुन्या विचारांची माणसं नाही. फक्त मला एवढं सांगा, कधी लक्षात आलं?"

"पंधरा दिवस झाले. आधी लपवालपवीच चालली होती. मग एकदा जेवताना सगळं उघड झालं."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं ना. चांगल्या स्पेशालिस्ट बाईंना. त्या म्हणाल्या, जानेवारीतलंच आहे. तुम्ही सगळे इथे होतात तेव्हाचं."

दिनकररावांनी डोळे मिटून घेतले. "आणि हा म्हणतो, मी काही केलं नाही. गाडीत बसायच्या आधी मी त्याच्या एक मुस्काटीत दिली."

"अहो, त्याला कशाला मारलंत? यात कुणाचा दोष नाही. एका खोलीत आठ माणसं, पांघरुणं चार! कुणाकडून कुणाला हे देवालाही सांगता यायचं नाही."

दिनकररावांनी डोळे उघडले. "तुमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे?"

"ठाऊक काय, सगळ्यांना आहे! हिला आहे. मला तर सगळ्यात जास्त."

"तुम्हाला?"

"आणि सासूबाईंचं तर विचारू नका. शहात्तराव्या वर्षी बिचाऱ्यांना हा ताप!"

दिनकररावांनी आधारासाठी हात मागे नेला. तिथे पालथी बादली होती. ते तिच्यावर बसले. "सासूबाईंना?" ते क्षीण आवाजात म्हणाले.

"हो ना. वर सरकार म्हणतं, सासूला होऊ शकतं, पण ते कार्डात धरता येत नाही. शेवटी त्यांचंही माझ्याच नावावर लावलं."

दिनकररावांनी दोन्ही हातांनी बादलीची कड धरली.

"पोफळेसाहेब," दिनकरराव सावकाश म्हणाले, "तुम्ही नक्की कशाबद्दल बोलताय?"

"खरजेबद्दल," पोफळे म्हणाले. "तुम्ही?"

दिनकररावांनी खिशातून एक चतकोर कागद काढला. कल्पनाबाईंच्या टपोऱ्या अक्षरात त्यावर लिहिलं होतं: 'पोफळे म्हणाले, आमच्याकडे सगळ्यांना गरज आहे. तुम्हालाही असणार. लाजू नका. उशीर केला तर सगळ्यांना दिसायला लागेल. येत्या रविवारी एकाच दिवशी दोन्ही घरांनी उरकून टाकायचं. बाकी फोनवर बोलण्यासारखं नाही.'

पोफळ्यांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचे कान तापले. आपल्या मुलीविषयी गेले तीन दिवस भोपाळमध्ये, निदान एका गल्लीत, काय बोललं जात असेल ते त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, आणि ते रागाने काही बोलणार एवढ्यात दिनकरराव बादलीवरून उठून घराकडे धावले.

"मालिनी! अगं मालिनी! खरूज! नुसती खरूज आहे!"

मुलगा कलेक्टर झाल्याची बातमी द्यावी त्या स्वरात ते ओरडत होते. मालिनीबाई "देवा रे!" म्हणून रडू लागल्या आणि त्यांनी देविकाला घट्ट मिठी मारली. डॉक्टरांच्या दृष्टीने हे अत्यंत चुकीचं होतं. कुंपणापलीकडे श्रीवास्तवजींनी रेडिओ बंद केला. पोफळ्यांनी पंधरा दिवस मफलरखाली झाकून ठेवलेली गोष्ट अशी एका मिनिटात सगळ्या मानक नगरात गेली.

देविकाला सगळा प्रकार कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ती सरळ धैर्यशीलपुढे जाऊन उभी राहिली. "तुला वाटलं काय नक्की? तुझं काही नाही, मग कोणाचं?"

धैर्यशीलने सुजल्या गालाला हात लावला. "मला काही कळलंच नाही. बाबा म्हणाले, रविवारी लग्न आहे. मी म्हटलं, ठीक आहे."

"बस? ठीक आहे? पूछा भी नहीं कुछ?"

"विचारायचं होतं. पण मग वाटलं, तू एकटीच तिथे काळजीत असशील. आधी पोचू या."

देविका त्याच्याकडे बघत राहिली. तिने ओठ दाबून धरले होते, पण ते काही तिला आवरले नाहीत. आधी ती हसली आणि मग तिला खाज सुटली.

"यजमान," गुरुजींनी कोपऱ्यातून हळूच विचारलं, "ही खरूज म्हणजे बोटांच्या मधे बारीक पुटकुळ्या येतात आणि रात्री झोप लागू देत नाही, तीच ना?"

सगळ्यांनी गुरुजींच्या हातांकडे पाहिलं. गुरुजींनी हात पिशवीमागे नेले.

"कधीपासून?" चंद्रप्रभाबाईंनी विचारलं.

"महिना झाला. आमची ही म्हणते, पित्त आहे."

"आणि या महिन्यात किती घरी जाऊन राहिलात?"

गुरुजींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. दोन मुंजी. एक वास्तुशांत. सीहोरला सप्ताह, तिथे आठ दिवस मुक्काम, एका सतरंजीवर पाच जण. चंद्रप्रभाबाईंनी वही आणली आणि सगळी नावं उतरवून घेतली, आणि गुरुजींच्या पत्नीचं नाव सगळ्यात वर लिहिलं. गुरुजींनी त्या सगळ्यांना स्वतःच्या तोंडाने कळवायचं कबूल केलं, पण फोनवरून नाही.

औषध अर्थातच कमी पडणार होतं. पोफळे मफलर शोधू लागले. तेवढ्यात धैर्यशील सायकल घेऊन नाक्यावरच्या दुकानात जाऊनही आला. "सरळ मागितलं," तो म्हणाला. "त्याने विचारलं, इतकी कशाला? मी म्हटलं, लग्न जमलंय." पोफळ्यांना जावयाविषयी आदर वाटू लागला तो त्या क्षणापासून.

रविवारी दहा वाजता बायका आत आणि पुरुष मागच्या अंगणात अशी विभागणी झाली. आंघोळी झाल्या, नखं कापली गेली, रजया गोण्यांत बांधल्या गेल्या. गुरुजींनी दाराआडून जानव्याचं काय करायचं ते विचारलं, चंद्रप्रभाबाईंनी आतून "उकळा!" असा निर्णय दिला. मग उन्हात चार पुरुष पंचे नेसून उभे राहिले आणि लोशन फासू लागले. लोशन बर्फासारखं गार होतं, आणि जिथे जिथे ओरखडे होते तिथे तिथे आगीसारखं झोंबत होतं. गुरुजी थरथरत काहीतरी पुटपुटत होते. तो मंत्र होता की दुसरं काही, ते कळत नव्हतं.

मानेपासून अंगठ्यापर्यंत सगळं झालं. राहिली पाठ. पाठीला स्वतःचा हात पोचत नाही, आणि अर्धी पाठ सोडली तर डॉक्टरांच्या हिशेबाने आठही माणसांना सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं. धैर्यशील गुरुजींच्या पाठीला लागला. उरले दोघे व्याही.

जानेवारीपासून या दोघांनी एकमेकांशी 'आपण' आणि 'साहेब' याखाली एक शब्द काढला नव्हता. एकमेकांना त्यांनी शालीशिवाय पाहिलं नव्हतं. आता पंच्यात, पांढरेफटक, दोघंही थोडा वेळ आकाशाकडे बघत उभे राहिले. मग दिनकररावांनी घसा खाकरला आणि पाठ फिरवली.

पोफळ्यांनी ओंजळीत लोशन घेतलं आणि खांद्यापासून सुरुवात केली. अदबीने, हलक्या हाताने.

"जरा खाली," दिनकरराव म्हणाले.

"इथे?"

"डावीकडे. अजून. हं. तिथेच." दिनकररावांचा आवाज बदलला. "पोफळेसाहेब, लोशन एक मिनिट राहू द्या."

"का हो? झोंबतंय?"

"नाही. आधी जरा तिथे खाजवा."

डॉक्टरांनी खाजवायला सक्त मनाई केली होती. पोफळ्यांनी एकदा घराच्या दाराकडे पाहिलं. पण ते मुलीचे बाप होते, आणि वरपक्षाची ही पहिलीच मागणी होती. त्यांनी ओंजळीतलं लोशन पंच्याला पुसलं, दोन्ही पाय नीट रोवले आणि ती मनापासून पुरी केली.